पाहुण्या कोपऱ्यातून वर: वेल्टरवेटविषयी वाचकांचे प्रश्न

मुष्टियुद्धावर आलेली बहुतेक पत्रे एकाच मुलाविषयी आहेत, फक्त गाव बदलते. सत्तर किलोच्या आसपासचा, चार हौशी स्पर्धा खेळलेला, आणि परदेशी गेलेला किंवा जायच्या तयारीत असलेला. म्हणून या वेळचे पान त्याच्यासाठीच ठेवले आहे.

प्र. कोणी वेल्टरवेट ६६ किलो लिहितो, कोणी ६९, कोणी ७१. खरे काय? (म्हापसे)

तिन्ही खरे, फक्त खेळ वेगवेगळे. प्रोफेशनलमध्ये वेल्टरवेट या वजनगटाची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. त्याच्या खालचा सुपर लाइटवेट १४० पौंडांचा (६३.५ किलो) आणि वरचा सुपर वेल्टरवेट १५४ पौंडांचा (६९.८५ किलो). ६९ हा हौशी गटाचा आकडा. टोकियो ऑलिंपिकमध्ये विकास कृष्ण त्याच गटात खेळला. पॅरिसला त्याच्या जागी ७१ किलोंचा गट आला आणि निशांत देव तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आता वर्ल्ड बॉक्सिंग या हौशी खेळाच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत पुरुषांसाठी ६५ आणि ७० असे गट आहेत. म्हणजे हौशी खेळात ७० ला आरामात खेळणाऱ्या मुलाला प्रोफेशनलमध्ये दोन दारे उघडी असतात. चरबी असेल तर १४७, नसेल तर १५४.

हातमोज्यांचा फरकही ध्यानात ठेवा. १४७ पौंडांपर्यंत ८ औंसांचे मोजे, त्याच्या वर १० औंसांचे. दोन औंस ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ८ औंसांच्या मोज्यात मुठीवरचा फोम पातळ असतो. वरच्या गटात जो ठोसा गार्डवर (तोंडासमोर धरलेल्या हातांवर) थोपवता येतो, तोच इथे गार्डच्या फटीतून आत शिरतो.

प्र. माझा भाचा २३ वर्षांचा. पोर्तुगीज पासपोर्टवर आईवडिलांबरोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. गोदामात काम करतो, संध्याकाळी क्लबात जातो. १८ हौशी लढती, त्यांतल्या १३ जिंकल्या. वजन ७४. आता प्रोफेशनल व्हायचे म्हणतो. काय काय लागते? (साळगाव)

पहिला प्रश्न बॉक्सिंगचा नाही, कागदांचा आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज झालेले गोंयकार ३१ डिसेंबर २०२० च्या आधी ब्रिटनमध्ये राहत असतील, तर त्यांना सेटल्ड (कायम राहण्याचा) किंवा प्री-सेटल्ड (मुदतीचा) दर्जा मिळाला. तुमचा भाचा २०१९ चा, म्हणजे बहुधा त्यातच बसतो. पण आईवडिलांनी त्याचा अर्ज खरोखर भरला होता का, आणि प्री-सेटल्ड असल्यास त्याचे पुढे सेटल्डमध्ये रूपांतर झाले का, हे आजच पाहून घ्या. काम करण्याचा हक्क ऑनलाइन दाखवता आला नाही तर लायसन्सचा विचारच संपला. २०२१ पासून पुढे गेलेल्या नातेवाइकांना मात्र पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी व्हिसा लागतो. खेळाडूंच्या व्हिसासाठी त्या खेळाच्या नियामक संस्थेची शिफारस लागते, आणि १८ हौशी लढतींवर ती मिळण्याची आशा धरू नका.

दुसरी गोष्ट घरात कुणी बोलत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व गेले. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळते ते) घर घेता येते, पण भारताच्या संघात खेळता येत नाही. हौशी खेळात त्याला आता पोर्तुगालचा रस्ता आहे.

मग लायसन्स. ब्रिटनमध्ये १९२९ पासून ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल हे काम पाहते. क्रम असा असतो. आधी लायसन्सधारक मॅनेजर किंवा ट्रेनर गाठायचा, कारण अर्जामागे उभा राहणारा माणूस लागतो. मग विभागीय मंडळाकडे अर्ज. त्याबरोबर मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या, आणि डॉक्टरांची पूर्ण तपासणी. शेवटी मंडळासमोर मुलाखत. तिथे हौशी लढतींचे कार्ड पाहतात, कुणाशी स्पारिंग (सरावाच्या झुंजी) केले ते विचारतात, आणि पोरगा खरोखर तयार आहे की जिममध्ये कोणी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आहे, हे जोखतात. एमआरआय दर वर्षी पुन्हा करावा लागतो. जुन्या स्कॅनची प्रत जपून ठेवा. पुढे अहवालात काही दिसले तर ते आधीपासूनचे की नवीन, हे तुलनेशिवाय कळत नाही.

डोळ्यांच्या तपासणीला लोक सहज घेतात आणि तिथेच अडकतात. लेझरने चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायचा विचार असेल तर आधी बोर्डाच्या डॉक्टरांना विचारा, मग नेत्रतज्ज्ञाकडे जा. उलट क्रमाने गेल्यास पैसे भरून लायसन्स घालवण्याची पाळी येते.

मॅनेजरशी करार करताना टक्केवारी आणि मुदत वाचा. मॅनेजरचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत आणि ट्रेनरचा सुमारे १० टक्के ही तिकडची रुळलेली चाल. तो वाटा खर्च वजा करून की खर्चाआधी, ही ओळ शोधून काढा. खर्चात काय काय धरले आहे तेही लिहून घ्या. मानधन लहान असते तेव्हा स्पारिंग जोडीदारांचे पैसे, पट्ट्या, पेट्रोल हे सगळे त्यातूनच जाते.

आणि १३ विजयांपेक्षा ५ पराभव नीट पाहा. ते कोणाविरुद्ध, कोणत्या राउंडमध्ये? तिसऱ्या राउंडला दम संपून हरला असेल तर चार राउंडांच्या प्रोफेशनल लढतीत तेच होणार, फक्त एक राउंड जास्त मार खाऊन.

प्र. ‘होम कॉर्नर’ आणि ‘अवे कॉर्नर’ म्हणजे काय? दोघे लढतात एकाच रिंगणात ना? (फोंडे)

रिंगण एकच, हिशेब दोन. परदेशातून आलेल्या बॉक्सरची कारकीर्द बहुतेक वेळा इथेच ठरते.

ब्रिटनमधल्या छोट्या हॉलांतल्या कार्यक्रमांना टीव्हीचा पैसा नसतो, पैसा तिकिटांचा. होम कॉर्नरचा मुलगा स्वतः तिकिटे विकतो: मित्रांना, कामावरच्यांना, नातेवाइकांना. समजण्यापुरता हिशेब मांडू. तिकीट ५० पौंड आणि त्याने १०० विकली, तर ५,००० पौंड जमले. त्यातून प्रतिस्पर्ध्याचे मानधन आणि कार्यक्रमाचा खर्च गेला की उरेल ते त्याचे. ४० तिकिटे विकली तर उरत काहीच नाही, कधी पदरचे घालावे लागते. अवे कॉर्नरचा बॉक्सर तिकिटे विकत नाही. त्याला ठरलेले मानधन मिळते, आणि त्याच्याकडून अपेक्षा अशी की चांगले लढावे, चारही राउंड उभे राहावे, आणि समोरच्याला फार त्रास देऊ नये. ही शेवटची अट कागदावर नसते.

बिगर-किताबी लढतीत तिकडे तीन जज नसतात, रेफरी एकटाच गुण देतो. चार राउंड सगळे जिंकले तर ४०-३६, तीन जिंकले तर ३९-३७. एकेका राउंडमध्ये बारीकसा फरक असेल तर तो कुठे झुकतो हे कोणालाही कळते. त्यात बेइमानीच असते असे नाही. हॉलमधले चारशे लोक एकाच्या प्रत्येक ठोशाला ओरडत असतील तर माणसाच्या कानाला त्याचेच ठोसे ऐकू येतात.

ओळखपाळख नसलेल्या, तिकिटे विकू न शकणाऱ्या मुलाला पहिला फोन अवे कॉर्नरसाठीच येतो. आणि तो येतो तीन दिवस आधी. पैसे चांगले वाटतात म्हणून तो जातो. दोनदा ३९-३७ ने हरतो. तिसऱ्यांदा वजन घाईत उतरवून जातो आणि पडतो. रेकॉर्ड होते ० विजय, ३ पराभव. त्यानंतर त्याला कोणी ‘उगवता’ म्हणून घेत नाही. आता त्याचे नाव ज्या यादीत जाते तिथे तो महिन्याला दोन लढती करतो आणि मोठमोठ्या मुलांना अनुभव देतो. हे काम लाजिरवाणे नाही. त्यावर घर चालवणारे कसलेले बॉक्सर आहेत आणि आपल्याला कापले जाऊ न देता सहा राउंड उभे राहणे ही वेगळीच विद्या आहे. पण ते ठरवून करावे, घसरत जाऊन नव्हे.

म्हणून स्विंडन, साउथॉलसारख्या ठिकाणी गोंयकारांची जी दाटी आहे ती बॉक्सरसाठी भांडवलच आहे. फुटबॉल संघ, गावाच्या फेस्ताची समिती, गणपतीचे मंडळ, कामावरची शिफ्ट यांतून ८०-१०० तिकिटे जात असतील तर पहिल्या चार-पाच लढती होम कॉर्नरमधून होतात. त्या काळात मॅचमेकर, म्हणजे लढतींच्या जोड्या जुळवणारा माणूस, प्रतिस्पर्धी निवडून देतो. निवडीचा क्रमही असतो: पहिला असा की जो हलत नाही, दुसरा डावखुरा, तिसरा उंच, चौथा असा की जो पुढे येऊन चिकटतो. पाचव्या लढतीपर्यंत हे चारही नमुने पाहून झाले नसतील, तर रेकॉर्ड ५-० (पाच विजय, पराभव नाही) असूनही शिकवणी अपुरी आहे.

प्र. मग वर चढणे म्हणजे नेमके काय? १२-० रेकॉर्ड असलेले कितीतरी आहेत, त्यांचे नाव कुठेच का नसते? (डिचोली)

हरला नाही म्हणजे चढला, हा समज आधी सोडा. पायऱ्या राउंडांच्या असतात: चार, सहा, आठ, दहा, बारा. ब्रिटनमध्ये विभागीय किताब दहा राउंडांचा, ब्रिटिश किताब बाराचा, त्याच्या वर युरोपियन. जागतिक स्तरावर चार संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची पहिल्या पंधरांची यादी असते आणि त्या पंधरांत असाल तरच किताबासाठी लढता येते. आयबीएफची एक खोड अशी की पहिल्या दोन जागा ती रिकाम्या ठेवते. यादीतल्याच आणखी कोणा बॉक्सरला हरवून त्या कमवाव्या लागतात, नुसत्या सरकून मिळत नाहीत.

१२-० चा मुलगा यादीत नसतो कारण त्याने यादीतल्या कोणाला हरवलेले नसते. त्याचे बारा प्रतिस्पर्धी मिळून दीडशे लढती हरलेले असतात. मॅचमेकर हे एका नजरेत पाहतात. त्यांना १४-२ चा असा बॉक्सर जास्त आवडतो, की ज्याचे दोन पराभव चांगल्या माणसांविरुद्ध, गुणांवर, परमुलखात झालेत.

लॉइड हनिगनचा जिना पाहा. जमैकात जन्म, लहानपणीच लंडनला आलेला. १९८३ मध्ये ब्रिटिश किताब, १९८५ मध्ये इटलीत जाऊन जानफ्रांको रोसीला तिसऱ्या राउंडमध्ये पाडून युरोपियन किताब, आणि २७ सप्टेंबर १९८६ ला अटलांटिक सिटीत डॉनल्ड करी. करी तोवर एकही लढत हरलेला नव्हता, त्या वेळचे तिन्ही जागतिक पट्टे त्याच्याकडे होते. सहा राउंडांनंतर करी स्टुलावरून उठलाच नाही. करीला १४७ पौंडांवर येताना फार हाल होत, हे त्या विजयाचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की रोसीला रोसीच्याच देशात हरवलेल्या माणसाला अटलांटिक सिटीच्या प्रेक्षकांचे काही वाटत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या बॉक्सरशी लढण्यापेक्षा त्याने डब्ल्यूबीएचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. वर्णभेदाच्या राजवटीचे दिवस होते ते.

प्र. देश सोडून आलेल्या, मध्येच थांबलेल्या बॉक्सरला दुसरी संधी मिळते का? माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी हातमोजे टांगून ठेवले आहेत. (साखळी)

योर्देनिस उगासला मिळाली. पण ती कशी मिळाली ते बारकाईने पाहा, नाहीतर उगाच आशा लागेल.

उगास क्यूबाचा. २००५ मध्ये हौशी विश्वविजेता, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात कांस्य. २०१० मध्ये बोटीने देश सोडून अमेरिकेत आला. प्रोफेशनलमध्ये २०१२ आणि २०१४ मध्ये हरला, मग दोन वर्षे लढलाच नाही. २०१६ मध्ये परतला तो १४७ पौंडांवर. आधी तो खालच्या गटात अंग आवळून खेळत होता, इथे शरीर मोकळे झाले. परतीची लढत ऐनवेळी बदली म्हणून मिळालेली होती आणि समोर जमाल जेम्स नावाचा अपराजित मुलगा होता. तो जिंकला. २०१९ मध्ये शॉन पोर्टरकडून निसटत्या निकालाने हरला, तरी त्याची पत वाढली.

आणि २१ ऑगस्ट २०२१. फिलिपिन्सचा नावाजलेला डावखुरा मॅनी पॅकियाओ याची लढत एरॉल स्पेन्सशी ठरलेली होती. स्पेन्सच्या डोळ्याला इजा झाली आणि उगासला अकरा दिवस आधी बोलावणे आले. तो जिंकला, एका जजने ११५-११३ आणि दोघांनी ११६-११२ असे गुण दिले. त्याने केले काय? दोन्ही हात गालांशी उंच ठेवले, पॅकियाओच्या झडपा गार्डवर घेतल्या, जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) त्याला अंतरावर ठेवले आणि डावखुऱ्याच्या गार्डवरून उजवा हात वरून टाकत राहिला. चमत्कार काही नाही, बारा राउंड तीच गोष्ट.

अकरा दिवसांत हे कोणालाच शिकता येत नाही. त्याच कार्यक्रमात त्याची दुसरी लढत ठरलेली होती, म्हणून तो वजनाला आणि दमाला तयार होता. बदली म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाचे गुपित हेच. तुमच्या भावासाठी अर्थ असा: फोन येईल तेव्हा तयारी सुरू करायची नसते. त्याचे वजन मर्यादेच्या तीन-चार किलोंच्या आत बाराही महिने राहत असेल, आठवड्याला दोन दिवस स्पारिंग चालू असेल, वैद्यकीय कागद चालू तारखेचे असतील, तरच दोन वर्षांचा खंड भरून निघतो. आज वजन ८२ असेल तर आधी सहा महिने फक्त धावणे आणि दोरीच्या उड्या. स्पारिंगचे नाव नको.

मेक्सिकोत जाऊन राहिलेल्या क्यूबाच्या होसे नापोलेसलाही जागतिक किताबाची लढत मिळायला १९६९ उजाडले. क्यूबात प्रोफेशनल बॉक्सिंगवर बंदी आल्यावर त्याने देश सोडला होता. किताब जिंकला तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

प्र. विजेंदर सिंग पणजीत का हरला? (मडगाव)

१९ मार्च २०२१, मांडवीतल्या मॅजेस्टिक प्राइड कॅसिनो जहाजाची गच्ची, रशियाचा आर्तिश लोप्सान, पाचवा राउंड. तोवर विजेंदर १२-० होता. आधीची लढत नोव्हेंबर २०१९ ची, म्हणजे सोळा महिन्यांचा खंड. वय ३५, समोरचा बराच उंच. खंड पडला की आधी जाते ती अंतराची नजर. हात तितकेच वेगाने जातात, पण चार बोटे कमी पडतात. उंच माणसापुढे ती चार बोटेच महाग पडतात. खाऱ्या वाऱ्याला आणि जहाजाला दोष देणारे लोक भेटतात. लोप्सानही त्याच गच्चीवर उभा होता.

प्र. ७३ वरून ६६.६८ वर कसे यायचे? आमच्या जिममध्ये मुले प्लॅस्टिकचा सूट घालून मे महिन्यात धावतात. (वास्को)

आधी तो सूट काढायला सांगा. घाम निघाल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. मे महिन्यात आपल्याकडच्या हवेत तो तसाही वाळत नाही. त्यावर प्लॅस्टिक घातले की शरीराचे तापमान चढत जाते आणि उष्माघात होतो. वजन जाते ते पाण्याचे, तांब्याभर पाणी प्यायलात की परत आले.

सव्वासहा किलोंचे दोन भाग करा. साडेचार किलो चरबी, आठ आठवड्यांत, आठवड्याला साधारण अर्धा ते पाऊण किलो. उरलेले दीड-पावणेदोन किलो शेवटच्या दोन-तीन दिवसांत, तेही फक्त प्रोफेशनलमध्ये, जिथे वजन आदल्या दिवशी होते. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होते, जितक्या दिवशी लढत तितक्या वेळा. तिथे पाणी काढून खेळणारा मुलगा दुसऱ्या फेरीत रिकामा होतो. हौशी खेळाडूने सगळे वजन चरबीतूनच उतरवावे, नाहीतर वरच्या गटात खेळावे.

पहिल्या आठ आठवड्यांसाठी गोव्याच्या स्वयंपाकघरात सगळे आहे. सकाळी नाचण्याची आंबील किंवा उकड्या तांदळाची पेज. दुपारी एक वाटी शीत (भात), दोन बांगडे रव्यात न तळता तव्यावर थेंबभर तेलात, वाटीभर भाजी. रात्री भात बंद, मासे किंवा अंडी, तवशें (काकडी), डाळ. नारळाचे वाटण अर्धे करा, पूर्ण बंद करू नका, तोंडाची चव गेली की पोरगा बाहेर पाव खातो. सर्वात जास्त वजन वाढवतात ती संध्याकाळची भजी-पाव आणि दुधाचा गोड चहा. ते बंद झाले की पहिल्या दोन आठवड्यांत काटा हलतो.

लढतीच्या सात दिवस आधी काटा ७० च्या खाली हवा. डब्ल्यूबीसीच्या लढतींत तर तीस दिवस आधी मर्यादेच्या १० टक्के आणि सात दिवस आधी ५ टक्के, यापेक्षा जास्त वजन चालत नाही. १४७ साठी ते अनुक्रमे ७३.३ आणि ७० किलो होतात. आपण तोच आराखडा घ्यावा. शेवटचे दोन दिवस चोथ्याचे पदार्थ कमी करा: कच्ची भाजी नाही, डाळी नाहीत, पांढरा भात थोडा, मासे थोडे. आतड्यातला माल कमी झाला की अर्धा-पाऊण किलो आपोआप जाते, पाण्याला हात न लावता. मीठ कमी करा पण शून्य नको. लघवी करवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या आहेत. पकडले गेलात तर वर्षे जातात, आणि न पकडले गेलात तर पोटऱ्यांत गोळे येतात.

वजन झाले की लगेच बिर्याणी मागवणारे सगळीकडे भेटतात. पोट आकसलेले असते, ती बाहेर येते. गेलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर पातळ पदार्थ, पण पेलाभर दर पंधरा-वीस मिनिटांनी. नुसते पाणी नको. ओआरएसचे पाकीट एक लिटरमध्ये, किंवा घरी एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन तासांनी मीठ घातलेली पातळ पेज, मग केळी, मग मऊ भात आणि उकडलेला मासा. शाकुती दुसऱ्या दिवशी रात्री, लढत झाल्यावर. झोपण्याआधी लघवीचा रंग फिकट पिवळा झाला पाहिजे. गडद असेल तर अजून पाणी भरलेले नाही.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दम घटतो. सत्तर किलोंच्या मुलाला ते १.४ किलो. म्हणून एका रात्रीत तीन-चार किलो पाणी उतरवणारा बॉक्सर काट्यावर हसतो आणि तिसऱ्या राउंडला पाय ओढतो.

प्र. पट्टी बांधूनही मुलाच्या करंगळीखालचे हाड दुखते. (पेडणे)

करंगळीच्या मुळाचे ते हाड बॉक्सरांचे ठरलेले दुखणे. कारणे तीन: ठोसा मुठीच्या पहिल्या दोन गाठींऐवजी शेवटच्या दोन गाठींवर पडतो, पट्टी चुकीची बांधली जाते, किंवा बॅग दगड झालेली असते. तिसरे आधी तपासा. नुसती वाळू भरलेली बॅग वापरता वापरता खाली बसते आणि तळाचा हातभर भाग भिंतीसारखा होतो. रिकामी करा, शिंप्याकडच्या कापडाच्या चिंध्या ठासून भरा, वजनासाठी वाळूच्या लहान पिशव्या मध्यभागी गुंडाळून ठेवा. सत्तर किलोंच्या मुलाला ३५ किलोंची बॅग पुरते.

मोठ्यांची पट्टी साडेचार मीटरची घ्या, अडीच मीटरची मुलांची. बोटे ताठ आणि फाकलेली ठेवून बांधायची, मूठ वळून नव्हे. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग हाताच्या पाठीवरून वर, गाठींवर तीन वेढे. तिथून प्रत्येक दोन बोटांच्या बेचक्यातून एकेक फेरी, दर वेळी अंगठ्याच्या मुळाशी परत येत. अंगठ्याला एक वेढा, पुन्हा गाठींवर दोन, उरलेली मनगटाला. आता मूठ वळायला सांगा. गाठींवर पट्टी ताणली गेली पाहिजे आणि नखे गुलाबी राहिली पाहिजेत. नखे पांढरी पडली तर सोडा. मूठ वळल्यावर पट्टी सैल झाली तर बोटे मिटून बांधली होती.

पावसाळ्यात हातमोजे स्कूटरच्या डिकीत ठेवले की दोन दिवसांत बुरशी. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली टांगा, दुसऱ्या दिवशी बोळे बदला. कडक उन्हात नको, चामडे तडकते. करवंटीचा कोळसा पायातल्या जुन्या मोज्यात बांधून आत ठेवला तर वासही जातो. अंगठ्याने हातमोज्यावर दाबून आतली गाठ हाताला लागली तर तो फोम संपला. स्पारिंगला त्याला १६ औंसांचाच मोजा द्या.

दुखणे दोन आठवड्यांत गेले नाही तर एक्स-रे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढा. तिथल्या हाडाची चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही.

प्र. मला मुलाच्या डोक्याची भीती वाटते. त्याचे बाबा म्हणतात, बॉक्सिंगमध्ये असे होतेच. (काणकोण)

तुमची भीती रास्त आहे, बाबांना हे वाचायला द्या.

एमिल ग्रिफिथ व्हर्जिन बेटांतून न्यूयॉर्कला आलेला, टोपीच्या कारखान्यात काम करणारा मुलगा. मालकाने त्याचे खांदे पाहून त्याला ट्रेनरकडे नेले. बेनी परेत क्यूबातून आलेला. दोघेही वेल्टरवेट, दोघांनीही एकमेकांकडून किताब घेतला. २४ मार्च १९६२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिसरी लढत झाली आणि बाराव्या राउंडमध्ये परेत कोपऱ्यात अडकून मार खात राहिला. दहा दिवसांनी तो वारला. लोकांना तो शेवटचा राउंडच आठवतो. पण त्याच्या साडेतीन महिने आधी, ९ डिसेंबर १९६१ ला, परेत वरच्या गटात जीन फुलमरशी लढला होता आणि दहाव्या राउंडमध्ये पडला होता. त्या डोक्याला विश्रांती मिळालीच नव्हती.

हौशी नियमांत आज डोक्याच्या माराने लढत थांबली तर किमान ३० दिवस बंदी, तीन महिन्यांत दोनदा झाले तर ९० दिवस, वर्षात तीनदा झाले तर एक वर्ष. यातली पळवाट अशी की जिममध्ये हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणारे कोणी नसते. स्पारिंगमध्ये पडलेल्या मुलाची नोंद कुठेच होत नाही. ती तुम्ही ठेवा: वहीत तारीख, कोणाशी, काय झाले. डोके दुखते, उजेड सोसत नाही, तेच तेच विचारतो, यांतले एकही असेल तर लक्षणे पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही. बॅग मारू देतो म्हणणाऱ्या ट्रेनरलाही नाही म्हणा, कारण बॅग मारतानाही मानेला हिसके बसतात.

पण वांती होणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, डोकेदुखी वाढत जाणे, जागे करूनही नीट जागा न होणे, हे दिसले तर उद्याची वाट पाहायची नाही. काणकोणहून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) जवळ नाही, म्हणून आधी १०८ ला फोन करा आणि डोक्याला मार लागला आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. मार बसलेल्या रात्री त्याला वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. ट्रेनरकडून आधीच ठरवून घ्या: स्पारिंगच्या दिवशी जिममध्ये एक मोठा माणूस असा हवा, की ज्याच्याकडे गाडीची चावी आहे आणि जो त्या संध्याकाळी दारू पिणार नाही.